सिलिकॉन नायट्राइड रिंग: काउंट भरपूर येतात, पण फोटॉनच्या जोड्या दिसत नाहीत

दारव्हा_फिजिक्स

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला आमचं कॉलेज आहे. एम.एस्सी.च्या मुलांना रिंग रेझोनेटरमधून (प्रकाश गोल फिरवत ठेवणारी चिपवरची कडी) फोटॉनच्या जोड्या काढून दाखवायच्या आहेत. डिटेक्टर उसने आणलेत, परत करायचे आहेत, म्हणून जरा घाई.

चिप सिलिकॉन नायट्राइडची, ८०० नॅनोमीटर जाड वेव्हगाइड (प्रकाशाची वाट), रिंगची त्रिज्या ११५ मायक्रॉन. दोन्ही बाजूंना फायबर चिकटवूनच आली आहे, लॉस दर बाजूला साधारण २ डीबी. एफएसआर, म्हणजे लागोपाठच्या दोन रेझोनन्समधलं अंतर, २०० गिगाहर्ट्झच्या जवळपास. कमी पॉवरला रेझोनन्सची रुंदी १.६ पिकोमीटर मिळते, म्हणजे लोडेड क्यू (तरंगलांबी भागिले रुंदी) दहा लाखांच्या घरात, आणि डिप, म्हणजे रेझोनन्सवर बाहेर येणाऱ्या प्रकाशात पडणारा खड्डा, सुमारे १५ डीबी खोल आहे.

पंप, म्हणजे चिपमध्ये सोडायचा लेझरचा प्रकाश, सी-३४ या टेलिकॉम चॅनलवर (१५५०.१२ नॅनोमीटर). लेझर ट्यूनेबल, एक्स्टर्नल कॅव्हिटीचा. चिपच्या आधी सी-३४ चा एक फिल्टर. चिपनंतर एका हातावर सी-३६ चे दोन फिल्टर ओळीने, पहिल्याच्या रिफ्लेक्ट पोर्टवरून दुसरा हात, त्यावर सी-३२ चे दोन. सगळे १०० गिगाहर्ट्झचे थ्री-पोर्ट (आपला चॅनल पुढे सोडून बाकीचा प्रकाश रिफ्लेक्ट पोर्टवरून परत देणारे). डिटेक्टर फ्री-रनिंग इनगास: कार्यक्षमता १५ टक्के, डेड टाइम (एका काउंटनंतर आंधळा राहण्याचा वेळ) १० मायक्रोसेकंद, डार्क काउंट (प्रकाश नसतानाचे) सेकंदाला १५००. पुढे टाइम टॅगर, प्रत्येक काउंटची वेळ नोंदणारा.

चिपमध्ये ०.१ मिलीवॅट असताना प्रत्येक हातावर सेकंदाला १९ हजार, ०.२ ला ३२ हजार काउंट. दोन हातांवरच्या काउंटमधल्या वेळेच्या फरकाचा हिस्टोग्राम मात्र सपाट, शिखर कुठेच नाही. दुसरं असं की पॉवर २ मिलीवॅट केली की रेझोनन्स करवतीच्या दातासारखा तिरका होतो, आणि उलट दिशेने स्कॅन केला तर वेगळाच दिसतो. चिप बिघडली का? खोलीत दुपारी ४० अंश, डेझर्ट कूलर चालू असतो.

आणि याच चिपमधून स्क्वीझ्ड प्रकाश (ज्याचा क्वांटम गोंगाट एका बाजूने दाबलेला असतो) मिळेल का, असं एका मुलाने विचारलं आहे. तेही सांगा.

रिंगवाला

मॅडम, चिप ठणठणीत आहे. आधी काउंटचं बघू.

डेड टाइमची दुरुस्ती करा: खरा दर = मोजलेला दर ÷ (१ − मोजलेला दर × डेड टाइम). १९ हजारांचे साडेतेवीस हजार होतात आणि ३२ हजारांचे ४७ हजार. म्हणजे पॉवर दुप्पट, काउंट बरोबर दुप्पट. जोड्या तशा वाढत नाहीत. एक जोडी व्हायला पंपाचे दोन फोटॉन लागतात, त्यामुळे पॉवर दुप्पट केली की जोड्या चौपट व्हायला हव्यात. तुमच्या ४७ हजारांतला बहुतेक माल रिंगमध्ये तयारच झालेला नाही.

तुमच्याच आकड्यांवरून किती यायला हवेत ते काढू. नायट्राइडचा एन-टू (तीव्रतेबरोबर अपवर्तनांक किती बदलतो तो आकडा) २.४ × १०^-१९ चौरस मीटर प्रति वॅट आणि मोडचं क्षेत्रफळ एक चौरस मायक्रॉन धरलं, तर या क्यूला आणि या त्रिज्येला १ मिलीवॅटवर रिंगमध्ये सेकंदाला साधारण १७ लाख जोड्या तयार होतात. ०.२ ला त्याच्या पंचविसावा हिस्सा, ६८ हजार. त्यातला प्रत्येक फोटॉन डिटेक्टरवर मोजला जाण्याची शक्यता बघा: डिप एवढा खोल म्हणजे कपलिंग क्रिटिकलच्या जवळ (आत मरणारा आणि बाहेर निघणारा प्रकाश सारखा), तिथे निम्मे रिंगमध्येच मरतात, चिप ते फायबर ०.६३, फिल्टर आणि जोड धरून ०.५, डिटेक्टर ०.१५. एकूण २.४ टक्क्यांच्या आत. म्हणजे एका हातावर जोड्यांचे काउंट सेकंदाला १६०० आणि डार्क १५००. मिळून तीन हजारांच्या आसपास. तुम्हाला ४७ हजार येतात.

आता ते कुठून येतात हे शोधायला तीन चाचण्या, याच क्रमाने.

पंप रेझोनन्सवरून ५० पिकोमीटर बाजूला करा. जोड्या बंद पडतात, बाकी सगळं तसंच राहतं. पण तुमचा डिप १५ डीबीचा आहे, म्हणजे बाजूला गेल्यावर चिपमधून पंप तीसपट जास्त बाहेर पडेल. म्हणून ही चाचणी ०.२ वर करू नका, ०.०१ मिलीवॅटवर करा, नाहीतर डिटेक्टर गच्च होईल आणि काहीच कळणार नाही. काउंट वाढले तर पंपाची गळती.

मग एका हातावर आणखी एक फिल्टर घाला. काउंट कोसळले तर ती गळतीच होती. फक्त ०.६ डीबी, म्हणजे तेरा-चौदा टक्के कमी झाले, तर तो प्रकाश सी-३६ च्याच रंगाचा आहे. मागे कितीही फिल्टर लावा, तो जाणार नाही.

तसं असेल तर चिपच्या आधी सी-३४ चा दुसरा फिल्टर घाला. त्याने उतरले तर लेझरची स्वतःची पार्श्वभूमी, म्हणजे एएसई (मूळ रेषेबाहेर पसरलेला फिका प्रकाश). उतरले नाहीत तर फायबरमधलं रमन (काचेत विखुरून रंग बदललेला पंप).

पॉवरची मालिका घेताना लेझरचा करंट बदलू नका, पुढे व्हेरिएबल अटेन्युएटर लावून त्याने पॉवर बदला. करंट बदलला की मूळ रेषा आणि एएसई यांचं गुणोत्तर हलतं आणि आलेखाचा उतार फसवा येतो.

नितळ_तंतू

फिल्टरांचा हिशोब वर राहिला, तो देतो.

१५५० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा १.२८ × १०^-१९ ज्यूल. म्हणजे ०.२ मिलीवॅट म्हणजे सेकंदाला १.५६ × १०^१५ फोटॉन. चिपच्या बाहेर २ डीबी गेले तरी १०^१५ उरतात. डिटेक्टरवर गळतीचे काउंट १०० च्या खाली हवे असतील तर तिथे सातशेच्या आत फोटॉन पोचले पाहिजेत. भागाकार केला की १२० डीबीपेक्षा थोडं जास्त येतं. डिप १५ डीबी देतो खरं, पण त्यावर भिस्त ठेवू नका. रेझोनन्स जरा सरकला की तो गेला.

थ्री-पोर्ट फिल्टरच्या ट्रान्समिशन पोर्टवर शेजारच्या चॅनलला २५ ते ३० डीबी अडसर असतो, एक चॅनल सोडून पुढच्याला ४० किंवा जास्त. तुमचा एफएसआर २०० असल्याने सी-३६ आणि सी-३२ दोन्ही एक-एक चॅनल सोडून आहेत, हे चांगलं. दोन फिल्टर म्हणजे ८० डीबी. तिसरा हवाच. रिफ्लेक्ट पोर्टचा अडसर जेमतेम १२ ते १५ डीबी असतो, आणि पंप तर तिथूनच सगळा परत येतो, त्यामुळे तो पोर्ट गाळण्याच्या हिशोबात धरू नका.

जे रिफ्लेक्ट पोर्ट वापरात नाहीत त्यांची टोकं तशीच सोडली आहेत का? सपाट टोकावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो आणि फिल्टरच्या साखळीत इकडून तिकडे फिरत बसतो. फायबर एखाद्या पेन्सिलीवर घट्ट दहा-बारा वेढे देऊन गुंडाळा किंवा टर्मिनेटर लावा.

एएसईबद्दल एक अंदाज: लेझरची पार्श्वभूमी मूळ रेषेच्या ५० डीबी खाली असेल (०.१ नॅनोमीटरमागे), तर १ मिलीवॅटला तिथे १० नॅनोवॅट म्हणजे सेकंदाला ७.८ × १०^१० फोटॉन. हे थेट सी-३६ च्या खिडकीतून आरामात जातात. म्हणून चिपच्या आधीचा एक फिल्टर पुरत नाही, दोन लागतातच. ते दोन्ही चिपला शक्य तितके चिकटून लावा, आणि चिपनंतरचा पहिला फिल्टरही. मधलं फायबर जेवढं लांब, तेवढं रमन. फिल्टरांच्या शेपट्या मीटर-मीटरच्या येतात. कापून स्प्लाइस करा, कनेक्टर कमी करा. रमन ओळखायला सी-३६ आणि सी-३२ च्या काउंटमधला फरक बघा असं बरेच जण सांगतात. २०० गिगाहर्ट्झ अंतरावर, खोलीच्या तापमानाला तो फरक तीन टक्क्यांच्या आसपास असतो, त्यावरून काही ठरत नाही.

आता सपाट हिस्टोग्राम. तो एवढ्या गोंगाटातही सपाट यायला नको. २ नॅनोसेकंदांच्या खिडकीत योगायोगाचे कॉइन्सिडन्स (दोन्ही हातांवर एकाच वेळी पडलेले काउंट) तुमच्याकडे ३२ हजारांचा वर्ग गुणिले २ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला दोन. खरे त्याहून जास्त यायला हवेत. माझा संशय, हिस्टोग्राम ±५ नॅनोसेकंदांचाच काढलाय. दुसरा हात रिफ्लेक्ट पोर्टवरून जातो, त्यात फायबर जास्त. एक मीटर फायबर म्हणजे ४.९ नॅनोसेकंद, शिवाय दोन डिटेक्टरांच्या इलेक्ट्रॉनिक्समधला फरक वेगळा. हिस्टोग्राम ±२०० नॅनोसेकंद पसरवा, ०.२ नॅनोसेकंदांचे बिन ठेवा आणि पाच मिनिटं जमू द्या. शिखर सापडलं की मग खिडकी आवळा. शिखर सुईसारखं नसणार: दहा लाखांच्या क्यूला फोटॉन रिंगमध्ये ०.८ नॅनोसेकंद राहतो, म्हणून दोन्हीकडे तेवढ्या वेळाने उतरणारा उतार दिसेल.

दारव्हा_फिजिक्स

शिखर सापडलं! १४ नॅनोसेकंदांवर होतं, आम्ही ±५ च बघत होतो.

०.०१ मिलीवॅटवर पंप बाजूला केला तर काउंट वाढले, म्हणजे गळती. दोन्ही हातांवर तिसरा फिल्टर घातल्यावर ०.२ ला ३२ हजारांवरून साधारण १० हजारांवर आले. चिपच्या आधी आणखी एक सी-३४ आज लावतो. पण दुपारी एक अडचण येते: अर्ध्या तासात जोड्या कमी-कमी होत जातात, रेझोनन्स पुन्हा शोधावा लागतो. चिपखाली टीईसी (विजेवर गरम-थंड करणारी पट्टी) आहे, २० अंशांवर ठेवला आहे.

पऱ्हाटी१५५०

मॅडम, फिल्टरचं वरच्यांनी सगळं बरोबर सांगतलं. आपल्याकडचं जे आहे ते मी सांगतो.

पहिलं म्हणजे कूलर. त्या टेबलाच्या खोलीतून तो बाहेरच काढा. डेझर्ट कूलर हवा ओली करतो, थरथर देतो, आणि खसाच्या ताट्यांतून काळ्या मातीची धूळ थेट फायबरच्या तोंडावर आणून टाकतो. एसी नसेल तर खोली बंद ठेवून चिप, फिल्टर आणि पोलरायझेशन पॅडल थर्माकोलच्या पेटीत झाका. पेटीला आतून काळा कागद लावला की उजेडाचाही बंदोबस्त होतो. पिवळ्या जॅकेटमधून ट्यूबलाइटचा उजेड आत शिरतो. लेझर बंद करून, खोलीतला दिवा चालू-बंद करून काउंट बघा, लगेच कळेल.

टीईसी २० अंशांवर काऊन ठेवलाय? नायट्राइडची रिंग अंशामागे जवळपास २० पिकोमीटर सरकते. तुमची रेषा १.६ पिकोमीटरची. म्हणजे एका अंशाच्या बाराव्या हिश्शात ती आख्खी एका रुंदीने सरकली. तापमान १० मिलिकेल्विनच्या आत धरलं पाह्यजे. बाहेर ४० आणि चिप २० म्हणजे टीईसी दिवसभर जोर लावते, तिची गरम बाजू तापते, आणि दुपारी नियंत्रण सुटते. पुढे पाऊस लागला की आणखी गंमत: हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की दवबिंदू २५ च्या वर जाते. २० अंशांच्या चिपवर पाणी धरेल, फायबरच्या चिकटवणीत शिरेल, मग चिप खरंच गेली समजा.

३५ वर ठेवा. दुपारी थोडं थंड करावं लागेल, रात्री आणि हिवाळ्यात थोडं गरम, जोर दोन्हीकडे कमीच. १० किलोओमचा थर्मिस्टर ३५ ला साधारण साडेसहा किलोओम दाखवतो. तो चिपच्या तांब्याच्या बैठकीत, चिपला लागूनच पाह्यजे. टीईसीच्या खालच्या बाजूला लावला तर तो खोलीचंच तापमान सांगत बसतो. उष्णसंवाहक पेस्ट पातळ लावा. २० वरून ३५ वर गेल्यावर रेझोनन्स ०.३ नॅनोमीटर लांब तरंगलांबीकडे जाईल आणि सी-३४ च्या बाहेर पडू शकते. तसं झालं तर तापमान गरजेपुरतं कमी करून मधात आणा. फिल्टरची काळजी नको, हे पातळ थरांचे फिल्टर अंशामागे पिकोमीटरच्या आसपासच हलतात.

लाइनीचं. गावठाण फीडरवर असाल तरी बाजूच्या रोहित्रावर मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतेच. लेझर, टीईसी कंट्रोलर आणि डिटेक्टर एकाच ऑनलाइन यूपीएसवर घ्या, डबल कन्व्हर्जनवाल्या. घरगुती स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर नको, त्याचा खरखराट टीईसीच्या करंटमध्ये उतरते. बॅटऱ्या थंड खोलीत ठेवा. दर १० अंशांमागे लेड-अॅसिडचं आयुष्य जवळपास निम्मं होते. आणि अर्थिंग मोजून घ्या. उन्हाळ्यात काळ्या मातीले भेगा पडतात, इलेक्ट्रोडभोवतीचा ओलावा जाते, पावसाळ्यात ठीक असलेला खड्डा मे महिन्यात कामाचा राहत नाही. खड्ड्यात पाणी टाकत राहा.

कापसाच्या दिवसात जिनिंगजवळ असाल तर कनेक्टर दर वेळी जोडण्याआधी सूक्ष्मदर्शकात बघा, लेझर बंद करून. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल चालत नाही, पाणी वाळलं की डाग राहतो. ९९ टक्क्यांचं आणा, नाहीतर सरळ कोरडा क्लिक क्लीनर वापरा.

रिंगवाला

वरचं सगळं मान्य. करवतीच्या दाताचं राहिलं होतं.

रिंगमध्ये फिरणाऱ्या प्रकाशातला थोडा शोषला जातो, रिंग तापते, अपवर्तनांक वाढतो आणि रेझोनन्स लांब तरंगलांबीकडे सरकतो. लेझर त्याच दिशेने येत असला तर रेझोनन्स त्याच्यापुढे पळत राहतो, म्हणून लांब उतार. मग एका क्षणी पकड सुटते, रिंग थंड होते आणि उभी रेषा पडते. उलट दिशेने लेझर आला की रेझोनन्स त्याच्याकडेच धावत येतो आणि डिप अरुंद दिसतो. दोन्ही बरोबर आहेत. क्यू मात्र कधीही या तिरक्या आकारावरून काढू नका. चिपमध्ये ५० मायक्रोवॅटच्या खाली, दोन्ही दिशांनी स्कॅन करून जुळला तरच लिहा.

या गुणाचा फायदाही आहे. लेझर नेहमी कमी तरंगलांबीकडून आत आणा आणि डिपच्या ७० टक्क्यांवर थांबा. तिथे रिंग स्वतःच लेझरला धरून राहते: लेझर जरा लांब तरंगलांबीकडे गेला तर रिंग तापून रेझोनन्स त्याच्यापुढे सरकतो, कमी तरंगलांबीकडे आला तर रिंग थंड होऊन रेझोनन्सही मागे सरतो. ०.२ मिलीवॅटला ही पकड ढिली असते, म्हणून टीईसीशिवाय गत्यंतर नाही.

पॉवर वाढवून जोड्या वाढवायचा मोह टाळा. तुमच्या रिंगचा पॅरामेट्रिक ऑसिलेशनचा उंबरठा (जिथून रिंग स्वतःच नवे रंग जोरात काढू लागते) १० ते २० मिलीवॅटच्या दरम्यान येतो. त्याच्या वर गेलात की फ्रिक्वेन्सी कोंब (कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या रेषा) सुरू होतो, तो बघायला छान असतो पण तो वेगळा प्रयोग आहे. आणि उंबरठ्याच्या खालीही १ मिलीवॅटवर जोड्यांचे काउंट एका हातावर ४० हजार होतात. १० मायक्रोसेकंदांच्या डेड टाइममध्ये त्यातले २८ हजारच मोजले जातील. ०.१ ते ०.३ मध्येच राहा.

स्क्वीझिंग: या चिपवर नाही. फोटॉन मोजणारा डिटेक्टर त्याला चालत नाही, बॅलन्स्ड होमोडाइन (लेझरशी मिसळून दोन फोटोडायोडांतला फरक मोजणारी मांडणी) लागतो. शिवाय मिळणाऱ्या स्क्वीझिंगची कमाल मर्यादा रिंगमधून प्रकाश किती टक्के बाहेर निघतो त्यावर ठरते. क्रिटिकल कपलिंगला निम्मा निघतो, म्हणजे रिंगच्या तोंडाशीच कमाल ३ डीबी. चिप ते फायबर २ डीबी गेले की १.६ उरतात, पुढचा लॉस वेगळा. यासाठी रिंग मुद्दाम ओव्हरकपल्ड (आत मरण्यापेक्षा बाहेर जास्त निघेल अशी) बनवतात. कॅनडाच्या झॅनाडू कंपनीने २०२१ मध्ये नायट्राइडच्याच रिंगमधून स्क्वीझ्ड प्रकाश काढून प्रोग्राम करता येणारी चिप दाखवली होती, त्या मुलाला ते वाचायला द्या. ८० टक्के बाहेर पडणारी रिंग असेल तर तोंडाशी ७ डीबी, हे त्याला वहीत काढून बघू द्या.

वाशीम_प्रकाश

मधेच विचारतो. आमच्याकडे चिपही नाही, डिटेक्टरही नाही. फायबरचीच रिंग करून मुलांना रेझोनन्स तरी दाखवता येईल का?

नितळ_तंतू

येईल. ९०:१० चा २×२ कपलर घ्या, ९० टक्क्यांचा मार्ग रिंगच्या आत राहील असं एक आउटपुट एका इनपुटला स्प्लाइस करा. रिंग दोन मीटर झाली तर एफएसआर १०२ मेगाहर्ट्झ. कपलरचा १० टक्के आणि स्प्लाइस वगैरेचा ०.२ डीबी लॉस धरून फिनेस (एफएसआर भागिले रुंदी) ४३ च्या आसपास, म्हणजे रुंदी २.४ मेगाहर्ट्झ. साधा डीएफबी लेझर (टेलिकॉममधला डायोड लेझर) स्वतःच एक-दोन मेगाहर्ट्झ रुंद असतो, त्यामुळे डिप थोडे बोथट दिसतील, पण दिसतील. ९९:१ चा कपलर मोहात पाडतो. त्यात रेषा लेझरपेक्षा अरुंद होते आणि स्कोपवर काहीच धड दिसत नाही. डीएफबी मिलीअँपियरमागे साधारण एक गिगाहर्ट्झ सरकतो, तेव्हा त्रिकोणी करंट अर्ध्या मिलीअँपियरचा दिला तरी चार-पाच डिप येतील. रिंगवर हात ठेवला की डिप पळताना दिसतात, मुलांना ते आवडतं. आत पोलरायझेशन पॅडल टाका, नाहीतर डिपांच्या दोन-दोन माळा येतात. फोटॉनच्या जोड्यांची अपेक्षा यातून करू नका.

दारव्हा_फिजिक्स

टीईसी ३५ वर, कूलर बाहेर, चिपच्या आधी दोन फिल्टर. ०.२ मिलीवॅटला आता प्रत्येक हातावर ३१०० काउंट. डार्क वजा करून ०.१ ला चारशेच्या आसपास आणि ०.२ ला सोळाशे, म्हणजे चौपट. २ नॅनोसेकंदांच्या खिडकीत सेकंदाला १४ कॉइन्सिडन्स, योगायोगाचे शिखरापासून दूरच्या लांब पट्ट्यावरून काढले तर ०.०१९. गुणोत्तर सातशेच्या वर जातं. दुपारीही टिकून आहे.

आता हेराल्डेड जी-टू (एका हातावर फोटॉन आला तेव्हा दुसऱ्यावर एकच आला का, याचं माप) मोजता येईल का? तिसरा डिटेक्टर मिळवता येईल.

रिंगवाला

अभिनंदन मॅडम. जी-टूचा हिशोब आधी करा, मग डिटेक्टर मागा. सिग्नलचा हात (दोनपैकी एक) ५०:५० स्प्लिटरने फोडला की प्रत्येक शाखेवर कॉइन्सिडन्स सेकंदाला ७ उरतात. त्याच २ नॅनोसेकंदांत दुसऱ्या शाखेवर योगायोगाने काउंट पडण्याची शक्यता २३०० (सोळाशेचे निम्मे आणि त्या डिटेक्टरचे डार्क १५००) गुणिले २ नॅनोसेकंद, ४.६ × १०^-६. दोन्ही बाजूंनी धरून तिहेरी कॉइन्सिडन्स चार-साडेचार तासांत एक. तेवढ्यात लाइन एकदा तरी जाणारच. तिहेरी घटना शून्य आल्या तर आकडा काढता येत नाही, फक्त वरची मर्यादा लिहिता येते. मुलांच्या प्रबंधात "०.५ पेक्षा कमी" एवढंच लिहायचं असेल तर पॉवर ०.३ करा, रात्रभर मोजा, आणि टाइम टॅगरची कच्ची फाइल तासातासाने वेगळी साठवा, म्हणजे रेझोनन्स सुटलेला तास नंतर काढून टाकता येईल.